दारात काढायचा झेंडा

आमच्या अमेरिकेतल्या चर्चमध्ये कॅमेरा माझ्या हाती आला तो मी भारतीय म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. साथीच्या काळात मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, घरबसल्या दाखवायची वेळ आली तेव्हा पॅरिशच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रामाच्या, मीटिंगमध्ये सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. मी वसईचा ख्रिस्ती, नोकरी डेटाबेस सांभाळायची. कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण वासरात लंगडी गाय शहाणी. तेव्हापासून दर रविवारी वेस्ट विंडसरहून वीस मिनिटं ड्राइव्ह करून मी चर्चच्या माळ्यावर चढतो आणि खाली बसलेल्यांच्या टकलांवरून वेदीवर कॅमेरा धरतो.

चर्च आयरिश मजुरांनी बांधलेलं. आता बाकांवर मेक्सिकन, फिलिपिनो, गोव्या-वसईचे आम्ही. आयरिश उरले ते मार्चमधल्या त्यांच्या सणाच्या मिरवणुकीपुरते आणि सभागृहावर हक्क सांगण्यापुरते. त्यांचं एक मंडळ आहे. त्यातल्या बहुतेकांचे पणजोबा इथे आले. आयर्लंड त्यांनी पाहिलं ते टूरच्या बसमधून, आणि तिथल्या गोळ्यांचा आवाज ऐकला तो टीव्हीवर. पण दोन पेले झाले की सगळे स्वातंत्र्यसैनिक.

खरा आयरिश माणूस एकच होता, तो चर्चमागच्या घरात राहायचा. आमचे रिटायर झालेले म्हातारे फादर. मंडळाच्या कार्यक्रमांना ते कधी जायचे नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे.

एका शनिवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं, टॅब्लेटचा आवाज येत नाही म्हणून. त्यावर त्यांच्या गावच्या चर्चची संध्याकाळची मिस्सा लाइव्ह चालली होती. उत्तर आयर्लंडातलं लहानसं गाव. मी आवाज सुरू केला तर म्हणाले, "राहू दे, आवाज नकोच होता. चित्र मोठं कर. तिसरा बाक."

तिसऱ्या बाकावर हिरव्या कोटातली एक म्हातारी पाठमोरी बसली होती.

"माझी बहीण," फादर म्हणाले. "पन्नास वर्षं झाली बोलून."

मग दर शनिवारी दोन वाजता मी जाऊ लागलो. ते त्या पाठीकडे बघत बसायचे. एकदा ती खोकताना दिसली तर आठवडाभर त्यांना चैन नव्हतं. हळूहळू तुकड्यातुकड्यांनी त्यांनी मला सगळं सांगितलं.

ते तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, शेजारच्या पॅरिशमध्ये सहायक धर्मगुरू. गावात रस्त्यांवर ब्रिटिश सैन्य, गल्ल्यांतून बंदुका. त्यांचा धाकटा भाऊ सैन्याच्या गोळीने गेला. एकोणीस वर्षांचा. तो कशात होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि मोठ्याने कुणी बोलत नसे. त्याच्या सोबत्यांनी शवपेटीवर झेंडा घातला, आयर्लंडचा हिरवा-पांढरा-नारिंगी, आणि वर बंदूकवाल्यांची खूण म्हणून काळे हातमोजे ठेवले. बिशपचा हुकूम होता की असली पेटी चर्चमध्ये येणार नाही. झेंडा दारात काढायचा, पेटीवर बाप्तिस्म्याची खूण म्हणून पांढरं वस्त्र घालायचं, मग आत. तो काढायला कोणाला पाठवावं? बिशपनी त्यांनाच पाठवलं. म्हणाले, घरचा माणूस आहे, घरचे ऐकतील.

"आणि मी काढला," फादर म्हणाले. "आईने तो माझ्या हातातून घेतला. घडी केली. पेटी आत गेली, आई बाहेरच उभी राहिली. पाऊस होता. नंतर ती त्या चर्चमध्ये पुन्हा आली ती स्वतःच्या पेटीतून."

आईच्या अंत्यविधीचं त्यांना कुणी कळवलंही नाही. तोवर ते इथे होते. गाव थंड होईपर्यंत दोन वर्षं अमेरिकेत जा, असं बिशप म्हणाले होते. ती दोन वर्षं कधी संपलीच नाहीत. परत बोलवा म्हणून ते पत्र पाठवायचे, उत्तरादाखल नाताळचं कार्ड यायचं. काम झालं की सुरी ड्रॉवरमध्ये टाकावी तसं त्यांना इथे टाकलं होतं. आणि पुढे तिथे शांतता आली तेव्हा त्याच बिशपच्या जागी बसलेले लोक मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या झेंडा घातलेल्या पेट्यांपुढे कसे डोळे मिटत, तेही त्यांनी बातम्यांत पाहिलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

"नियमाने मी बरोबर होतो," ते म्हणायचे. "हीच तर रड आहे."

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आशा सोडली. फादरनी मला दोन कामं सांगितली. पहिलं, गावच्या कबरीत, आई आणि भावाशेजारी जागा मिळेल का ते बहिणीला विचार. कबर तिच्या नावावर होती, तिच्या होकाराशिवाय कुणी काही करू शकत नव्हतं.

दुसरं काम सांगताना ते उठून बसले. "मी गेलो की मंडळवाले झेंडा घेऊन येतील. हौस आहे त्यांना. दारात काढ. माझा भाऊ जसा आत गेला तसाच मी जाणार."

"लिहून द्या ना, फादर," मी म्हणालो.

"तू असताना कागद कशाला?" म्हणाले. "आणि हे तिला सांगू नकोस. भीक मागितल्यासारखं होईल."

बहिणीला मी तीन फोन केले. पहिल्या वेळी नाव ऐकताच तिने ठेवून दिला. दुसऱ्यांदा मी शनिवारच्या मिस्सेचं सांगितलं, तिसऱ्या बाकाचं, तिच्या खोकल्याचं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग फोन ठेवला. तिसऱ्यांदा तिनेच विचारलं, "खातो का काही?" आणि मग, "आणा त्याला. आईच्या पायाशी जागा आहे."

मी पळत जाऊन फादरना सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मलाही रडू आलं, लपवत नाही. आयुष्यात मी केलेलं ते एकच धड काम असेल. पाचव्या दिवशी ते गेले.

ठरलं असं: इथे अंत्यविधीची मिस्सा, संध्याकाळच्या विमानाने पेटी आयर्लंडला. फ्युनरल होमचे कागद तयार होते. बहिणीला मी लाइव्हची लिंक दोनदा पाठवली, उघडते का ते विचारूनही घेतलं. तिचं उत्तर आलं, "बघेन."

पांढरं वस्त्र आदल्या दिवशी मी घरी आणलं होतं. बायकोने इस्त्री करताना विचारलं, "आणि त्या लोकांनी इश्यू केला तर?"

"नियम आहे यार, चर्चचाच नियम आहे," मी म्हणालो. "त्यात काय इश्यू करणार?"

सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर अख्खं मंडळ हजर. बॅगपायपर, हिरवे टाय, पेटीवर नवा कोरा झेंडा, घडीच्या रेषासुद्धा मोडल्या नव्हत्या. मिस्सेसाठी डायोसीसमधून, म्हणजे बिशपच्या कचेरीतून, मॉन्सिन्योर, वरच्या मानाचे फादर, आले होते. शेजारची पॅरिश आमच्यात विलीन करायचं काम त्यांच्याकडे होतं आणि मंडळ त्याला विरोध करत होतं. मी वस्त्र हातावर घेऊन पुढे झालो तसा मंडळाचा अध्यक्ष पेटीवर पंजा ठेवून म्हणाला, "हा राहील."

मी मॉन्सिन्योरना बाजूला घेतलं. सांगितलं, फादरची शेवटची इच्छा होती, त्यांनी मला स्वतः सांगितलंय.

"लेखी आहे?"

"नाही."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आज वाद नको. नियमापेक्षा माणसं मोठी असतात."

हे वाक्य पन्नास वर्षं कुठे दडून बसलं होतं, हे मला विचारायचं होतं. एकोणीस वर्षांच्या पोरासाठी ते का सापडलं नाही? शब्द ओठांपर्यंत आले होते. पण वसईच्या घरात फादरला उलट बोललेलं मी कधी पाहिलं नाही. आई म्हणायची, पाद्र्याला उलट बोलणाऱ्याची जीभ झडते. दोन पोरांचा बाप, अमेरिकेत नोकरी करणारा मी, जीभ झडेल म्हणून भ्यालो नव्हतो. सवयीने भ्यालो. "हो, मॉन्सिन्योर," म्हणालो आणि माळ्यावर गेलो. इस्त्री केलेलं वस्त्र तसंच माझ्या हातावर होतं.

कॅमेरा मी वेदीवरच ठेवायला हवा होता. तसं ठरवलंही होतं. पेटी कोपऱ्यात लहानशी दिसत होती, म्हटलं म्हातारीची नजर कमी असेल, कळणार नाही. इतकी हलकट हुशारी सुचत होती. पण शेवटी मॉन्सिन्योर धूप घेऊन पेटीभोवती फिरू लागले तेव्हा माझा हात आपोआप झूमवर गेला. पाच वर्षं प्रत्येक अंत्यविधीला मी त्या क्षणी तेच केलं होतं. अख्ख्या स्क्रीनभर झेंडा आला. मला भान येऊन कॅमेरा मागे घेईपर्यंत धूप संपला होता.

पेटी बाहेर पडायच्या आत फोन थरथरला. बहिणीचा मेसेज होता. "भावाच्या अंगावरचा काढला. स्वतःच्या अंगावर घेतला. माझी आई पावसात उभी होती. त्याला तिकडेच ठेवा."

मी माळ्याच्या जिन्यात बसून फोन लावला. उचलला नाही. मग सगळं लिहिलं, भीक वाटली तर वाटू दे म्हणून. त्यांनी नको सांगितलं होतं, त्यांना तो दारात काढून हवा होता, मी वस्त्र घेऊन उभा होतो, पण इथल्या मोठ्या फादरनी राहू द्या म्हटलं.

खाली पाइप वाजत होते. फ्युनरल होमचा माणूस दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला. तिसऱ्यांदा मी त्याला सांगितलं, फ्लाइट कॅन्सल करा.

फादरना डायोसीसच्या दफनभूमीत धर्मगुरूंच्या रांगेत पुरलं. दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. मंडळाने झेंडा घडी करून त्यांच्या सभागृहात काचेत लावलाय. विलीनीकरणाला त्यांनी पुढच्याच मीटिंगमध्ये मान डोलावली. मॉन्सिन्योरनी मला ईमेल केलं, रेकॉर्डिंग फार सुंदर झालंय, विशेषतः शेवटचा भाग, पॅरिशच्या पानावर वर ठेवा. तेही मी ठेवलं.

अंत्यविधीच्या दिवशीच संध्याकाळी बहिणीचं उत्तर आलं होतं. दोनच ओळी. "त्यानेही तेव्हा आईला हेच सांगितलं होतं, वरून हुकूम होता म्हणून. त्याला नको होता तर काढायला तिथे कुणी नव्हतं का?"

पांढरं वस्त्र अजून आमच्या कपाटात आहे. तिच्या प्रश्नाला मी उत्तर पाठवलेलं नाही. कुणीतरी होतं, मी होतो.