सगळ्यांचा एकच आकडा

आमचे डॉक्टर रक्तदाब मोजायला बसले की यंत्राची लाकडी पेटी आधी स्वतःकडे वळवून घ्यायचे. रोग्याला पारा दिसता कामा नये. मग दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबराचा फुगा दाबायचा आणि म्हणायचं, "डोळे मीट. आपल्या घराचं दार आठव." फुगा सोडता सोडता ते पाऱ्यावर नजर रोखून बसायचे आणि शेवटी म्हणायचे, "छान. एकशे तीस."

तुम्ही मोठमोठे डॉक्टर पाहिले असतील. मी आयुष्यात एकच नीट पाहिला. एकोणीसशे तीसच्या आगेमागे अलिबागेत त्यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. बाटल्या धुवायच्या, पुड्या बांधायच्या, खोकल्याचं लाल औषध घोटायचं, हे माझं काम. पट्ट्याचं यंत्र साऱ्या पंचक्रोशीत त्यांच्याकडेच होतं. मुंबईत वीस वर्षं दवाखाना चालवून ते इकडे आले होते, एकटेच. बायको मागेच गेलेली, मूलबाळ नाही. एवढा चालता दवाखाना सोडून का आलात, असं विचारलं की म्हणायचे, "हवा मानवेना." बस्स. पुढे विचारायची सोय नाही.

गणपतीत मुंबईकर रेवसला बोटीतून उतरले की दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर रांग. ताप नाही, खोकला नाही, नुसता "दाब मोजायला." मुंबईत कुणीतरी घाबरवून सोडलेलं असायचं. दाब म्हणजे उष्णता अशी सगळ्यांची समजूत. त्यामुळे दवाखान्यात शिरण्याआधी घराघरांतून आमसुलाचं आगळ पाण्यात ओतून गटागटा पिऊन यायचे. आगळात मीठ किती असतं ते तुम्हाला सांगायला नको. डॉक्टर कपाळावर हात मारायचे. "अरे, विहिरीत पडलेल्याला वरून घागरभर पाणी कशाला पाजता?" लोक हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा आगळ पिऊन यायचे.

एका वर्षी ओट्यावर चौघा जणांनी आपापले आकडे जुळवून पाहिले. चौघांचाही एकशे तीस. त्यातला नागावचा एक आडदांड गडी तरातरा आत आला.

"डाक्टर, सगल्यांचा येकच कसा वो?"

डॉक्टरांनी मान वरसुद्धा केली नाही. "एकाच बोटीनं आलात ना?"

"व्हय."

"मग?"

गडी क्षणभर थांबला, त्याला पटलं, आणि बाहेर जाऊन त्यानं बाकीच्यांनाही पटवलं. मी आत हसून हसून बाटली फोडायच्या बेतात होतो. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते वहीत काहीतरी लिहीत होते, आणि जे लिहीत होते ते एकशे तीस नव्हतं, एवढं मला उलट्या बाजूनंही दिसलं.

त्या दिवशी दवाखाना रिकामा झाल्यावर त्यांनी स्वतःच ती वही माझ्यापुढे टाकली. माणशी एक पान. दर गणपतीला एक ओळ. मुंबईला गेलेल्या माणसाचं पान उघडावं तर आकडा दर वर्षी थोडा थोडा वर चढलेला, आणि कुठल्यातरी वर्षाला पान तसंच कोरं राहिलेलं. "हा बघ किहीमचा म्हातारा. सत्तरी उलटली, अजून माडावर चढतो. पाच वर्षांत पारा जागचा हलला नाही. आणि हे त्याच्याच पोराचं पान. चाळीस वर्षांचा होता." होता, असं ते म्हणाले.

"कशानं होतं हे, डॉक्टर?"

"मिठानं? जागरणानं? खानावळीच्या जेवणानं? साहेबाच्या धाकानं? मला ठाऊक नाही रे. त्यावर देण्यासारखं धड औषधही नाही माझ्याकडे. झोपेची पुडी देतो, मीठ सोड म्हणतो, मुंबई सोड म्हणतो. मुंबई कोण सोडतं?"

आणि खोटं का सांगतो, हेही त्यांनी सांगितलं. मुंबईत एका कारकुनाला त्यांनी खरा आकडा सांगितला होता. तो घरी गेला, अंथरुणावर आडवा झाला, आणि डोक्यातली शीर तुटेल या भीतीनं त्यानं मानसुद्धा वळवायची सोडली. जेवण सोडलं. चार महिन्यांत संपला. "रोगानं नाही मेला तो, माझ्या आकड्यानं मेला," ते म्हणाले.

आता माझी गोष्ट ऐका. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, मुंबईला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला होता. दिवसभर उभं राहायचं, शिशाचे खिळे वेचायचे, मालकाची घाई सोसायची. पंधराव्या वर्षी गेला तो वर्षाला दोनदा घरी यायचा. वडिलांमागं आम्हा सगळ्यांना त्यानंच वाढवलं. मी ती वही पाहिल्याला दोन वर्षं झाली, त्या गणपतीत आला तेव्हा मान आखडते, कानात गुंई करतं म्हणाला, म्हणून मीच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पेटी वळवली, फुगा दाबला. मग बराच वेळ त्यांनी फुगा सोडलाच नाही. पुन्हा दाबला. पुन्हा.

"छान," ते म्हणाले. "एकशे तीस."

दादा खूश. "बघ, उगीच घाबरवत होतास!" माझ्या पाठीवर थाप मारून तो बाजारात पोरांसाठी खेळणी बघायला गेला. साऱ्या अलिबागेत तो आकडा ऐकून भ्यालेला माणूस मी एकटाच असेन.

"खरा किती?" मी विचारलं.

"विचारू नकोस."

"माझा भाऊ आहे तो!"

"म्हणूनच म्हणतो, विचारू नकोस."

माझं डोकं फिरलं. ज्यांच्या जिवावर मी चार घास खात होतो त्यांना मी तोंडावर म्हणालो, "तुमच्या दयेनं मरेल तो. परवा बोटीत बसेल आणि पुढच्या गणपतीला तुम्ही त्याचं पान कोरं ठेवाल. लाज नाही वाटत?" डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी पुडीचा कागद तिथंच टाकून घरी निघून आलो. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात टांगा थांबला. डॉक्टर उतरले, यंत्राची पेटी काखेत. आमच्या घरी ते कधीच आले नव्हते. आईनं घाईघाईनं घोंगडी अंथरली. ते बसले आणि पाणीसुद्धा न घेता दादाला म्हणाले, "मी काल तुझ्याशी खोटं बोललो. तुझा दाब दोनशे वीस आहे. बोटीत बसू नकोस."

आई म्हणाली, "म्हंजी काय व्हतंय रं?"

दादा म्हणाला, "नोकरी सोडून खायचं काय? पोरांच्या शाळेचं काय?"

"ते मला सांगता येणार नाही. मला पारा तेवढा कळतो."

दादा एकदम म्हणाला, "डॉक्टर, तुमचा किती?"

असला प्रश्न त्यांना कुणी विचारला नसेल. त्यांनी पेटीवर हात ठेवला. "तुझ्यापेक्षा जास्त. म्हणून तर मुंबई सोडली. पण उशिरा सोडली."

"मग जगता कसे?"

"घाबरत," डॉक्टर म्हणाले. "रोज उठल्यावर आधी हात-पाय हलवून बघतो. हलले की आंघोळ करतो, अळणी पेज खातो, दवाखाना उघडतो. पण तो कारकून झोपून राहिला तसं झोपायचं नाही, एवढं वचन दे."

दादानं दिलं. त्या बोटीनं तो गेला नाही. मालकाला पत्र टाकलं, बायकापोरांना आणवून घेतलं आणि एका वाडीत पोफळीला पाणी लावायचं काम धरलं. पहिला महिनाभर मी त्याला झोपेतही हलवून बघायचो, तो शिव्या घालायचा. डॉक्टरांनी त्याला दोन गोष्टी बजावल्या होत्या: मीठ नाही आणि ओझं नाही. आकडा हळूहळू थोडा उतरला, सगळा नाही.

माझी नोकरी गेली नाही. उलट डॉक्टरांनी मला यंत्र वापरायला शिकवलं, आणि त्या गणपतीनंतर पेटी रोग्याकडेच तोंड करून ठेवायला लागले. काही जण घाबरून यायचे बंद झाले. ते प्रत्येकाची वाट बघायचे.

पुढे दोन वर्षांनी, एका मंगळवारी दुपारी, बाटलीवर चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांच्या हातून टाक सुटला. तो उचलायला ते वाकलेच नाहीत. मी पाहिलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं. मला काहीतरी सांगत होते, मला कळेना. मी त्यांचा हात धरून नुसता "हो, हो" म्हणत राहिलो. गुरुवारी सकाळी ते गेले.

मयताला गाव लोटला. त्यांच्या जातीची माणसं होती खांदा द्यायला, पण दादा वाडीतून धावत आला आणि सगळ्यांना बाजूला सारून पुढे शिरला. कुणी अडवलं नाही. मी त्याचा सदरा ओढला. "दादा, तू नको. ओझं नाही म्हणाले होते ना?"

"गप," तो म्हणाला.

आमचा मसणवटा समुद्राच्या अंगाला, वाळूत घोट्यापर्यंत पाय रुततात. ज्यांनी मला पोटच्या पोरासारखं वागवलं त्यांना शेवटचं पोचवायला निघालो होतो, आणि देवाशपथ सांगतो, मी एकदाही तिरडीकडे पाहिलं नाही. मी दादाच्या मानेकडे बघत होतो. तिथली शीर टरारून फुगली होती, घामानं चकाकत होती. दर दहा पावलांवर मी म्हणत होतो, "आता दे रे दुसऱ्याला, दे." त्यानं शेवटपर्यंत खांदा बदलला नाही.