आप्पांचं स्मरणपत्र आणि माझे सोळा सोमवार

ह्यांच्या ऑफिसातले किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. हे जेवताना एकेक सांगायचे आणि मी ताटासोबत उचलून ठेवायची. तेच आता आठवतात.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. एकाच शेठची दौंडला तेलगिरणी आणि शिरूरला पशुखाद्याचा कारखाना, अशा दोन कंपन्या. हे शिरूरला हेडक्लार्क, दौंडला आप्पा. एक दिवस हे म्हणाले, "दौंडच्या कंपनीनं आपली कंपनी विकत घेतली."

"मग मालक कोण?"

"तेच शेठ."

मला हसू आलं. पण ह्यांचं पुढचं वाक्य होतं, "हेडक्लार्क मात्र आता एकच लागेल."

मी सोळा सोमवार धरले.

*

शेठच्या जावयांनी सुचवलं, कारखान्याची किंमत वाढवून लिहा, कागदावर नफा दिसेल. हे म्हणाले, घरातल्या घरात व्यवहार, जुन्या वहीतलीच किंमत राहील. आधीच नोकरी टांगणीला, त्यात जावयांना नकार.

"का हो नडता?"

ह्यांनी फळीकडं बोट केलं. "वरचा डबा खाली ठेवला, तर डाळ वाढते का?"

"वाढत नाही. पण ठेवताना पुसून घ्यावा."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी हेच दोन्ही ऑफिसांत सांगितलं. डब्याचं स्वतःच्या नावावर, पुसण्याचं माझ्या.

*

मग डबा पुसायचा म्हणून दोन्हीकडच्या मालाची मोजणी. दौंडहून निघालेली पेंडीची पोती वाटेतच होती. पोचली नाहीत म्हणून आप्पांनी आपल्या यादीत धरली, बिल आलं म्हणून ह्यांनी आपल्या. दोन्ही याद्या एकत्र केल्या, तर एक ट्रकभर पेंड जास्त. शेवटी ड्रायव्हरला बोलावलं.

तो म्हणाला, "सायेब, म्या येकदाच भरली. दोन्हीकडं उतरली कशी?"

*

आप्पांची शिस्त अशी, की दर एक तारखेला शिरूरला पत्र: पेंडीचे पैसे पाठवा. ह्यांचं ठरलेलं उत्तर: लवकरच पाठवतो. कंपन्या एक झाल्या तरी सवयीनं पत्र आलं आणि सवयीनं उत्तरही गेलं. दोन्ही कागदांवर वर एकाच कंपनीचं नाव!

शेठनी दोन्ही पत्रं समोर ठेवून दोघांना दौंडला बोलावलं. माझा सोळावा सोमवार होता. दिवेलागणीला हे आले. चपला नीट जोडीनं काढल्या, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडला.

"काय म्हणाले शेठ?"

"आधी हसले. मग म्हणाले, दोघंही राहा. एकाला काढलं, तर कंपनीनं कंपनीला पत्र लिहायचं कुणी आणि उत्तर द्यायचं कुणी?"

*

उद्यापनाला आप्पांना जोडीनं बोलावलं. चुरमा वाढताना आप्पांच्या मंडळी हळूच म्हणाल्या, "वहिनी, माझंबी उद्यापन राहिलंय. म्याबी सोळा केले, कंपन्या येक झाल्या तवापासनंच."

माझा हात पातेल्यातच राहिला. काय मागितलं होतं, ते मी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

आप्पांनी मात्र घास खाली ठेवला. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बायकोकडं.

"म्हंजी म्हादेवाकडंबी दोन्ही हापिसातनं अर्ज गेला व्हय?"