फेस धुवायचा नसतो

नवरा गेला तेव्हा आमच्या डब्लिनच्या घरात, बेसमेंटमध्ये, त्याची बिअर आंबत होती. भल्यामोठ्या काचेच्या बरणीत, जुन्या चादरीत गुंडाळलेली. दिवसकार्य उरकलं, माणसं पांगली, सासूबाई तेवढ्या माझ्याजवळ राहिल्या. बिअर तशीच खाली होती.

"मॉम, जस्ट डंप इट," लेक म्हणाली.

मला ते जमेना. त्यानं सुरू केलेलं आणि अजून चालू असलेलं घरात तेवढंच होतं. ते नासू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं आणि लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली.

पुस्तकांचं सांगणं असं, की बाटल्या भरताना बिअरमध्ये मोजून साखर घालायची. उरलेलं यीस्ट ती खातं, म्हणून बिअर फसफसते. पण त्याआधी बाटल्या, नळी, बादली, सगळं जंतुनाशकाच्या फेसाळ पाण्यातून काढायचं.

"म्हणजे सोवळं," सासूबाई म्हणाल्या. "मग मला विचार की. त्याला पुस्तक कशाला हवं?"

शनिवारी सकाळी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून त्या किचनमध्ये हजर. लेकीनं फोनला हात लावला की त्या तिला पुन्हा हात धुवायला पाठवत.

"आजी, इट्स बिअर."

"असेना. शिवू नकोस."

मी बरणी आणायला खाली गेले. वर येऊन पाहते तर जंतुनाशकातून काढलेल्या सगळ्या बाटल्या त्यांनी नळाखाली खळखळून धुतल्या होत्या आणि पंच्यानं पुसून ओळीनं उपड्या घातल्या होत्या.

"आई, तो फेस धुवायचा नसतो. तसाच ठेवायचा."

"फेसाच्या भांड्यात मी आजवर कुणाला वाढलेलं नाही."

"पुस्तकात लिहिलंय."

"त्या लिहिणाऱ्याच्या घरी मी पाणी पिणार नाही."

"तुमचा मुलगापण धुवायचा नाही."

"तो अंगाचा साबणसुद्धा कुठं नीट धुवायचा? कानामागं तसाच."

आम्ही तिघी बराच वेळ त्या कानांकडं बघत असल्यासारख्या उभ्या राहिलो. मग सगळ्या बाटल्या पुन्हा बुडवल्या. या खेपेला सासूबाईंनी पदर कमरेला खोचला आणि फेसाकडं पाठ करून बसल्या.

साखर मी काट्यावर तोलून पाण्यात उकळली. पातेल्यात डोकावून त्या म्हणाल्या, "एवढ्या बादलीला एवढीच?" मी बुचं आणायला गेले, परत आले, पाक बादलीत ओतला, त्यावर बिअर सोडली आणि नळीनं बाटल्या भरल्या. लेकीनं बुचं दाबून बसवली. ते काम तिला इतकं आवडलं, की रिकाम्या बाटल्यांनाही तिनं बुचं लावली.

दोन आठवड्यांनी पहिली बाटली मागच्या डेकवर उघडली. पांढरा फवारा उडाला, पार छपराच्या पन्हळीपर्यंत. हातात उरला तो तळाचा गाळ. दुसरीनं लेकीचा चष्मा धुतला. शेजारचा कुत्रा कुंपणातून नाक खुपसून डेकची फळी चाटायला लागला. अशानं सगळीच बिअर कुत्र्याला जायची.

पुस्तकात उपाय होता. तिसरी बाटली बर्फात दिवसभर पुरली, मग पुरणाच्या मोठ्या पातेल्यात उभी करून बूच अगदी हळू सैल केलं. फेस पातेल्यात उतरला, बसला, आणि खाली पिवळसर, स्वच्छ बिअर राहिली. आंबट वास नाही. नासली नव्हती.

मी पळीनं वाढायला घेतली. सासूबाईंनी पेला घेतलाच नाही, तीर्थाला करतात तसा उजवा हात पुढं केला. मी पळी ओतली. त्यांनी ती प्यायली आणि सवयीनं हात केसांवरून फिरवला.

"कडू," त्या म्हणाल्या. "दोन मुठी साखर जास्तीची टाकली मी त्या पाकात, तरी कडूच."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी पन्हळीकडं.

"त्याला गोड आवडायचं," त्या म्हणाल्या आणि हात पुन्हा पुढं केला.