सातव्या गाण्यातली दोन मिनिटं

सुबोधच्या अल्बममधलं सातवं गाणं माझ्यामुळे रिकामं राहिलं.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं. लहानपणापासून सिकलसेल होता त्याला. हाडं ठणकायला लागली की चार-चार दिवस उठत नसे. आणि उठला की माइकसमोर असा ओरडायचा की त्याचा गिटारवालासुद्धा दचकायचा.

अल्बमचं नाव 'ग्रामसभा'. नऊ गाणी. जंगल कोणाचं, खाण कोणाची, विहिरीवर पहिलं पाणी कोण भरतं, सगळं त्यात. आपल्या बोलीत रॅप आणि मागे मेटलचा दणका.

ऐकणाऱ्यांची मतं तर विचारूच नका.

एकाने कमेंट टाकली, "कान फाटले, पण पटलं."
दुसऱ्याने लिहिलं, "हे संगीत नाही, मोर्चा आहे." सुबोधने त्याला लाइक दिलं.

नागभीडचे एक काका त्याचे सगळ्यात मोठे फॅन. धानाच्या बांधावर स्पीकर लावून ते हा अल्बम रानडुकरांना ऐकवायचे. एकदा त्यांचा फोन आला, "पहिलं गानं लावलं का डुकरं पळते. पन सातवं आलं का सारे वापस येते. सातवं रिकामं काऊन ठेवलं गा?"

सुबोध पोट धरून हसला. मी शेजारीच बसलो होतो. मला हसू आलं नाही.

सातव्या ट्रॅकवर दोन मिनिटं काहीच नाही.

म्हणजे, अगदीच काही नाही असं नाही. सुरुवातीला सुबोध म्हणतो, "बोल गा." मग मोहाची पानं वाजतात. लांब कोंबडा आरवतो. कोणीतरी सुपात धान पाखडतंय. आणि मध्येच एक जण खाकरतो.

तो मी.

आमच्या गावात हात वर करून ठराव होत नाही. सगळे मोहाखाली गोल बसतात आणि एकेकाला विचारतात. एक जण जरी अडला तरी विषय तसाच राहतो. गप्प बसणं म्हणजे हो, असं आमच्याकडे धरत नाहीत.

गाण्यांत गाव होतं, म्हणून पठ्ठ्याने रिलीजच्या आधी अख्खा अल्बम सभेपुढे ठेवला. स्पीकरसकट.

एक म्हातारे म्हणाले, "शब्द बराबर आहे. पन एवढं ओरडाले काय झालं? आमी इथीच तं बसून आहो."
सुबोधची आई, माझी मावशी, म्हणाली, "माह्या लेकाचा गळा दुखन."
पण सगळ्यांनी हो म्हटलं.

मग सातवं लागलं. 'मोळी'. त्यात माझं नाव नव्हतं. गरजच नव्हती.

मी वनरक्षक. नोकरी नवी होती, गणवेशाची घडीसुद्धा मोडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. मावशी डोक्यावर बांबूची मोळी घेऊन येत होती. माझे साहेब बाजूला उभे होते. त्या बांबूवर गावाचा हक्क आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. जिच्या हातचा भात खाऊन मी शाळेत गेलो, तिला मी ओळखसुद्धा दाखवली नाही.

म्हणालो, "खाली ठेव."

ती म्हणाली, "ठेवतो, साहेब."

साहेब. मला.

सभेत ते गाणं संपलं. सगळ्यांचं हो आलं. माझी पाळी आली. सुबोध एवढंच म्हणाला, "बोल गा."

स्वप्नात आपण बोलायला तोंड उघडतो आणि आवाज निघत नाही ना, तसं झालं. दोन मिनिटं तो थांबला. मग त्याने गाणं काढून घेतलं आणि त्या जागी सभेच्या रेकॉर्डिंगमधली ती दोन मिनिटं ठेवली.

लोकांनी त्याचे काय काय अर्थ लावले! कोणी म्हणे सेन्सॉरने कापलं. कोणी म्हणे फाइल खराब आहे. माझी ड्यूटी सध्या मोहर्लीच्या सफारी गेटवर. एका सकाळी जिप्सीतल्या पुण्याच्या बाई हेडफोन काढून मला म्हणाल्या, "हा तुमच्याच भागातला अल्बम ना? सातवं ऐका. जंगलाचं मौन आहे ते."

"हो मॅडम," मी म्हणालो.

बघा, तिथे माझं 'हो' कसं पटकन निघालं.

पहाटेच्या धुक्यात गेट उघडायच्या आधी मी फोन कानाला लावून ती दोन मिनिटं ऐकतो. फोनमधली पानं कुठली आणि डोक्यावरची कुठली, कळेनासं होतं. वाटतं, सुबोध अजून मोहाखाली बसलाय आणि माझी वाट बघतोय.

त्याने मला परत कधीच विचारलं नाही. शेवटच्या खेपेला दवाखान्यात मीच सुरू केलं, "सुबोध, ते गाणं..."

"मले नको सांगू. सभेत सांग. घाई नाई."

घाई होती रे. मला कळली नाही.

आज सकाळी त्याच्या घरी बुद्धवंदना झाली. मग सभा बसली. मी गणवेशातच गेलो होतो. उभा राहिलो.

"सातव्या गान्याले माहं हो आहे. मावशीले मोळी खाली ठेवाले मीनंच लावली होती."

पानं वाजत होती.

मावशी म्हणाली, "मले तं मालूमच होतं बापू. बस आता."

मग सुबोधचं गाणं लागलं, पूर्ण. मावशी माझ्या शेजारी बसून ऐकत होती. "ठेवतो, साहेब" ही ओळ आली तेव्हा तिने माझी बाही घट्ट धरली. गाणं संपेपर्यंत सोडली नाही. मी रडलो. लपवलं नाही.

दुपारी गिटारवाल्याने सातवं गाणं अल्बममध्ये टाकलं. काका, आता लावून बघा.

जुनी दोन मिनिटं मी फोनमध्ये ठेवली आहेत. त्यात तुझा आवाज आहे, सुबोध.

बोललो गा.

जयभीम.