जोडवाती

सीईटीच्या क्लाससाठी अकोल्यात खोली घेऊन राहत होते, तेव्हा पेशीविभाजन मी महिनाभर घोकलं. तरी गुणसूत्रं कोणत्या अवस्थेत कुठं असतात, यात हमखास गोंधळ व्हायचा.

माझी रूममेट हिवरखेडची. त्या वर्षी कापसाला भावच नव्हता, म्हणून तिच्या आईनं घरच्याच कापसाच्या डबाभर वाती वळून दिल्या होत्या. तिनं ताटात मधोमध चार जोडवाती एका ओळीत मांडल्या आणि प्रत्येक जोडीतली एक वात इकडे, एक तिकडे ओढली.

"हे गुणसूत्र समज. आधी मधात येते, मंग जोडी सुटते. एवढंच तं हाय. तू काहून रडून राहिली?"

मला समजलं आणि अंगाची आग झाली. तालुक्यात पहिली मी आलेली, आणि सुचावं हिला. संध्याकाळी त्याच वाती मी मुद्दाम देवापुढच्या दिव्यात जाळल्या. ती हसली, डबा उघडून दुसऱ्या मांडल्या.

आता अमरावतीत मी हेच शिकवते, ताटात जोडवाती घेऊन. पोरं विचारतात, "मॅडम, हे तुमाले सुचलं कसं?"

मी सांगते, "असंच. एकदा दिवा लावता लावता."