झेंडा मी बांधला

"जा. पण दोन गोष्टी करायच्या नाहीत," निघताना अण्णा म्हणाला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. "कशावर सही करायची नाही आणि फोटोत दिसायचं नाही. केलंस तर परत आल्यावर माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

दार तरी केवढं लांब! सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आम्हा दोघांची घरं एकाच अंगणात, मधे एक कढीपत्त्याचं झाड. मी त्रेसष्ट वर्षांची, बिनलग्नाची, आणि त्याचं दुःख मला सोडून बाकी सगळ्यांना. इंग्लंडला निघाले होते ती अण्णाच्या मुलाच्या, निखिलच्या लग्नाला. निखिल डॅनियल नावाच्या मुलाशी लग्न करत होता. आईबाप येणार नाहीत हे कळल्यावर त्यानं मला फोन केला होता, "आत्या, साक्षीदार म्हणून सही करशील?" मी हो म्हणून बसले होते आणि अण्णाला ते पक्कं ठाऊक होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मेतकुटाची जाडजूड पिशवी तेवढी माझ्या हातात दिली.

विमानात झोप लागली नाही. मी एकतीस वर्षं नगरपालिकेत कारकून होते, शेवटची काही वर्षं विवाह नोंदणीच्या खिडकीवर. एकदा दोन मुली आल्या आणि हळू आवाजात फॉर्म मागू लागल्या. "असा फॉर्म नसतो," म्हणून मी खिडकी लावून घेतली. फॉर्म नव्हता हे खरंच, पण जेवणाच्या सुट्टीला अजून वीस मिनिटं होती. ती वीस मिनिटं मला आजही टोचतात. निखिलला हो म्हटलं त्यात माया होती, तशी त्या वीस मिनिटांची लाजही होती.

हीथ्रोवर तपासणीच्या टेबलामागच्या अधिकाऱ्यानं नेमकी मेतकुटाची पिशवी वर धरली.

"हे पिवळं काय आहे?"

"भातावर घालतात."

त्यानं पिशवीचं तोंड उघडून वास घेतला आणि तीनदा शिंकला. "चांगलं लागतं?" डोळे पुसत त्यानं विचारलं.

"तूप हवं," मी म्हटलं. त्यानं हसून पिशवी परत दिली.

निखिल मिल्टन कीन्सला राहतो. हे शहर आधी कागदावर पट्टीनं आखलं आणि मग जमिनीवर उतरवलं. गाडी सारखी कुठल्या ना कुठल्या राउंडअबाऊटला (चौकातल्या गोल बेटाला) वळसा घालत राहते. मी अकरापर्यंत मोजले, मग गरगरायला लागलं. चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वेगळे लाल रस्ते आहेत, त्यांना रेडवे म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी ऐटीत एकटी त्यावरून फिरायला गेले आणि हरवले, कारण प्रत्येक वळण आधीच्या वळणासारखंच. शेवटी कुत्रं फिरवायला निघालेल्या एका बाईंनी मला दारापर्यंत आणून सोडलं.

संध्याकाळी मऊ भात केला. मेतकूट बरणीत ओतायला घेतलं, तर पिशवीच्या तळाशी आणखी एक छोटी पिशवी निघाली. आत मुंडावळ्या होत्या. मोत्यांच्या, नव्या कोऱ्या, दोन जोड.

निखिल स्वयंपाकघरात खाली फरशीवरच बसला. "आईनं दोन दिल्यात, आत्या. एक माझी. आणि दुसरी..."

"दुसरी कुणाची ते तिला माहीत आहे."

"बाबांना माहीत असेल?"

"मेतकुटाच्या तळाशी लपवल्यात, म्हणजे नसणारच," मी म्हटलं. मग आम्ही दोघंही रडलो. भात गार झाला.

लग्न उत्तरेकडं, लीड्सच्या पुढं, डॅनियलच्या छोट्या गावात होतं. डॅनियल लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. उंच, लाजाळू मुलगा. मला वाकून नमस्कार करताना त्याचं डोकं टेबलावर आपटलं. लीड्स सोडलं की काळपट दगडाची घरं लागतात, आणि डोंगरउतारावर त्याच दगडाचे बुटके बांध. त्यांच्यामधे मेंढ्या, कसलीच घाई नसलेल्या. डॅनियलच्या आईनं चहाबरोबर पार्किन (ओट्स, आलं आणि काकवी घालून केलेला केक) दिला. काकवीची चव जिभेवर आली आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

दुपारी टाउन हॉल बघायला गेलो. समोरच्या खांबावर सहा रंगांचा झेंडा फडफडत होता. आमच्या नगरपालिकेत खांबावर काय चढवायचं ते वरून आलेलं परिपत्रक ठरवतं, त्यामुळं मी बघतच राहिले. तिथला केअरटेकर केविन साठीचा गृहस्थ. त्या भागात अनोळखी बाईलाही 'लव्ह' म्हणतात, हे त्याच्याकडूनच कळलं.

"दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं लग्न असलं की आम्ही हा लावतो, लव्ह," तो म्हणाला. "काही लोकांनी तक्रारी केल्या. हा उतरवा म्हणाले. कौन्सिलमधे मतदान झालं. मेयरबाई म्हणाल्या, लग्न आत लावायचं आणि बाहेर गप्प राहायचं, हे आम्हाला जमणार नाही. झेंडा ठेवायचा ठराव मंजूर झाला."

मी अक्षतांचं विचारलं. "तांदूळ नको, लव्ह. पायऱ्यांवर माणसं घसरतात. फुलांच्या पाकळ्या चालतील." म्हणून डॅनियलच्या आईनं बागेतल्या गुलाबांच्या टोपलीभर पाकळ्या काढून ठेवल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला पोचलो तर खांब मोकळा. झेंडा खाली फुलांच्या वाफ्यात, चिखलात तुडवलेला. कुणी केलं ते कळलं नाही. गोरा माणूस आणखी पांढरा पडू शकतो हे मी डॅनियलच्या चेहऱ्यावर पाहिलं.

निखिल म्हणाला, "राहू दे ना, आत्या. इट्स ओके. आत जाऊ, सह्या करू, घरी जाऊ."

त्या 'राहू दे'चा मला असा संताप आला! अण्णाचं 'दिसायचं नाही' आणि हे 'राहू दे' एकाच गावचं. "काही राहू द्यायचं नाही," मी ओरडलेच.

तेवढ्यात मेयरबाई आल्या. बुटक्या, गळ्यात पदाची सोनेरी साखळी, पायात चिखल तुडवायचे बूट. त्यांनी वाफ्याकडं बघितलं. "काल आम्ही गुपचूप चढवला, तीच चूक झाली," त्या म्हणाल्या. "आज लग्न झाल्यावर सगळ्यांसमोर लावू."

केविननं झेंडा नळाखाली धुतला. मी पदर खोचला आणि म्हटलं, "मी बांधते."

मग निखिलला दुभाषा करून केविनला समजावलं. आमच्याकडं सव्वीस जानेवारीला झेंड्याची घडी करतात, आत फुलं ठेवतात, ओढली की सुटेल अशी गाठ मारून ती गुंडाळी खांबाच्या टोकाला चढवतात आणि मग खालून दोरीला एकच हिसका. मी हे काम पंचवीस वर्षं केलं. पहिल्या वर्षी माझी गाठ अडकली होती. नगराध्यक्ष ओढतायत, राष्ट्रगीत खोळंबलंय, शेवटी शिडी आणावी लागली. दुसऱ्या दिवशी आमचे शिपाई शंकरमामा यांनी फायलीची नाडी घेऊन मला टेबलावर शिकवलं. "बाई, गाठ तुमची चांगली हाय," ते म्हणाले. "भिऊन अर्धवट ओढली की ती घट्ट बसते."

ओल्या कापडाची घडी घातली, टोपलीतल्या निम्म्या पाकळ्या आत भरल्या, गाठ मारली. केविन शिकाऊ उमेदवारासारखा वाकून बघत होता.

समारंभ आत छोट्याशा खोलीत झाला. दोघांनी सुटावर मुंडावळ्या बांधल्या होत्या. रजिस्ट्रारनं माझ्यापुढं कागद सरकवला.

"मराठीत सही चालेल?" मी विचारलं.

"तुमची आहे ना? मग चालेल."

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या. ही माझी होती.

बाहेर चाळीसेक माणसं जमली होती. रस्त्यापलीकडं एक गृहस्थ हाताची घडी घालून उभा होता. "शेम ऑन यू!" तो ओरडला. मेयरबाईंनी त्याच्याकडं पाहत दोरी माझ्या हातात दिली. "तुम्ही बांधलंय, तुम्हीच ओढा."

मी ओढली. काही झालं नाही. पलीकडचा माणूस मोठ्यानं हसला. माझ्या डोळ्यांपुढं तीच शिडी आली. मग लक्षात आलं की मी भिऊन ओढली होती. नवरदेव दोघं माझ्याकडं बघत होते. दोन्ही हातांनी दोरी धरली आणि अंगातला सगळा जोर लावून हिसका दिला.

झेंडा उघडला. पाकळ्या निखिलच्या डोक्यावर, डॅनियलच्या खांद्यांवर, मेयरबाईंच्या साखळीवर पडल्या. एकदोन वाऱ्यानं रस्त्यापलीकडंही गेल्या, त्या गृहस्थानं त्या झटकल्या. आतल्या समारंभात धार्मिक काही चालत नाही असं रजिस्ट्रारनं आधीच सांगितलं होतं. पण आता आम्ही बाहेर होतो. मी त्या गृहस्थाकडं तोंड करून, असेल नसेल तेवढ्या आवाजात ओरडले, "शुभमंगल सावधान!" केविननं सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

फोटो निघाला. मी मधोमध, हातात दोरी. निखिलला म्हटलं, "घरच्या ग्रुपवर टाक." त्यानं टाकला. पाच मिनिटांत अण्णा ग्रुपमधून बाहेर पडला.

परतीच्या विमानात मला छान झोप लागली. जाग आली तेव्हा मनात आलं, एवढंसं ते गावचं कौन्सिल. एका झेंड्यानं कायदा बदलत नाही, तो तिथं आधीच बदलला होता. पण कचेरीनं दारावर उभं राहून 'या' म्हणणं आणि खिडकी लावून घेणं यातला फरक माझ्याइतका कुणाला कळणार? आमच्या नगरपालिकेनं कधी असा झेंडा लावायचा ठरवला, तर गाठ मारायला मी काठी टेकत जाईन.

अंगणात रिक्षा थांबली. अण्णा ओसरीवर वर्तमानपत्र उघडून बसला होता. मी त्याच्या पायरीखाली बॅग ठेवली आणि बाहेरूनच सांगितलं, "सही केली. फोटोतही आहे, तू बघितलाच असशील."

वर्तमानपत्र हललं नाही. वहिनी आतून हात पुसत आल्या. मला वाटलं, मला गप्प करायला आल्या. त्या अण्णाच्या खुर्चीला लागून उभ्या राहिल्या आणि चाळीस वर्षांत मी कधी ऐकला नव्हता एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वन्सं, मुंडावळ्या बसल्या का दोघांना?"

वर्तमानपत्र खाली आलं.

"डॅनियलचं कपाळ मोठं आहे," मी म्हटलं. "दोरा वाढवावा लागला."

"मग आत या," वहिनी म्हणाल्या, "आणि सगळं नीट सांगा."