कानाने तपासलेलं

मिस्त्रींच्या नाकावर राग कायमचाच, पण त्या रविवारी दुपारी तो घरभर हिंडत होता. निमित्त होतं मुलीने आणलेल्या काडेपेटीएवढ्या डबीचं. तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला, त्याची वायर डबीत खोचली आणि डबीतून निघालेल्या लाल-पांढऱ्या वायरी मिस्त्रींनी स्वतः बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीत घातल्या. लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज ही डबी करते, सीडीतही नसतो इतका बारीक तपशील यात आहे, ऐका तर खरं, असं तिचं म्हणणं.

मिस्त्रींनी ऐकलं आणि यात झांजेला शेपूटच नाही असं जाहीर केलं. झांज वाजली की तिचा आवाज हवेत विरत जातो, त्याला ते शेपूट म्हणत.

आता हे बोलणारा माणूस काही ऐरागैरा नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत अडतीस वर्षं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत आला होता. लोक कानसेन म्हणत. मिस्त्री वरवर डोळे वटारत, पण आतून सुखावत. मीटर होता, पण तो कान नसलेल्यांसाठी असतो म्हणून खणात पडलेला. दुरुस्त झालेलं मशीन ते खुर्चीत डोळे मिटून ऐकत, ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, दबलेला वाटला तर एखादा कपॅसिटर बदलून तो मोकळा करत, आणि मगच आत चिठ्ठी चिकटवत: कानाने तपासलं.

गेली दोन वर्षं मात्र मशीनं परत येत होती. संगीत शिकवणाऱ्या बाई तर मागच्याच आठवड्यात दुसऱ्यांदा आल्या. आवाज कानात टोचतो म्हणाल्या. मिस्त्रींनी चार गिऱ्हाइकांदेखत त्यांना आधी स्वतःचे कान तपासून घ्यायला सांगितलं. बाई मशीन तिथेच टाकून निघून गेल्या आणि मिस्त्री दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडत राहिले.

इकडे मुलीने लॅपटॉपची सेटिंग पाहिली. तो प्रत्येक गाणं आपल्याच ठरलेल्या मापात कापत होता. तिने ते कापणं बंद करून गाणं पुन्हा लावलं. शेपूट नाहीच. मिस्त्रींनी खापर आधी वायरीवर फोडलं, मग डबीवर, आणि शेवटी तिला शिकवणाऱ्या कॉलेजवर. मुलगीही त्यांचीच. तिचं डोकं फिरलं. डबी सगळं वाजवते हे दाखवायला तिने चाचणीचा आवाज लावला: एक शिट्टी, हळूहळू वर चढत जाणारी.

मिस्त्री कान टवकारून बसले. शिट्टी चढत गेली, बारीक झाली आणि थांबली.

"बंद का केलीस?"

"चालू आहे, बाबा."

"मग तुझ्या डबीने मान टाकली."

तिने अ‍ॅम्प्लिफायरकडे बोट दाखवलं. आवाज किती येतोय ते दाखवणारे, मिस्त्रींनीच बसवलेले दोन्ही काटे ताठ उभे होते. मिस्त्री उठले, स्पीकरला कान लावला. काही नाही. दुसरा कान लावला. तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "अहो, ती शिट्टी बंद करा, डोकं उठलं माझं."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडायचं कुणावर तेच कळेना. काटे त्यांचे, अ‍ॅम्प्लिफायर त्यांचा, कानही त्यांचेच. मग हळूहळू हिशेब लागला. दोन वर्षं स्वतःला ऐकू येईपर्यंत ते दुसऱ्यांच्या मशीनमध्ये ट्रेबल ओतत आले होते. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली याचाच भयंकर संताप आला.

बाईंचं मशीन त्यांनी टेबलावर आदळलंच. स्वतः घातलेला कपॅसिटर शिव्या देत उपटला, जुन्या मापाचा जोडला. डबीच्या वायरी त्यात खोचल्या, गाणं लावलं आणि खुर्चीपाशी येऊन तसेच उभे राहिले. बसायला पाय वळेनात.

मुलगी म्हणाली, मी ऐकते. पण ती संध्याकाळी आपल्या घरी जाणार होती, आणि कपाटात अजून चार मशीनं तपासायची होती. मिस्त्रींनी बायकोला हाक मारली. हिला मिक्सर आणि गाणं यातला फरक कळत नाही, असं ते जन्मभर पाहुण्यांना सांगत आले होते.

ती पदराला हात पुसत आली आणि खुर्चीत बसली.

"टोचतं का सांग."

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? वरचं टोचतं की मधलं? आणि शेपूट? शेपूट येतं का? नीट सांग ना!"

बायकोने डोळे मिटले होते. ते न उघडताच ती म्हणाली, "ओरडू नका. मला ऐकू द्या."